‘लिमिटेड’ लिहिले म्हणजे शेअर बाजारातली कंपनी झाली काय?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असल्या विषयांवर लिहीत असतो. या खेपेचा विषय निराळा आहे, आणि तो मी शोधलेला नाही. एका सभासदानेच तो गट ऑफिसात माझ्या टेबलावर आणून ठेवला.

ऊस बिल बँकेत जमा झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी लागणीच्या नोंदी तपासत बसलो होतो. आमचे एक जुने सभासद आले. नाव सांगत नाही, कारण ते हे पान वाचतात. खुर्चीवर टेकण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून गुळगुळीत कागदाची घडी काढली.

“सायेब, हे जरा पाहून द्या बरं. पोराच्या मामेसासऱ्यानं आनलं. दोन लाख भरले का पाच वर्सात लय होतात म्हनते.”

“कशाची कंपनी आहे काकाजी?”

“इथेनॉलची. आपल्याच उसाची. अन् लिमिटेड हाय. लिमिटेड म्हंजे शेअर बजारातली असंन ना?”

कागदावर रंगीत चित्र होते : कारखान्याची चिमणी, हिरवागार ऊस, सूट घातलेला माणूस. खाली मोठ्या अक्षरांत ‘लवकरच शेअर बाजारात’ असे छापलेले. बंधूंनो, खरे सांगतो, काकाजींच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. माझे शिक्षण कृषी पदविकेचे. उसाचे कांडे दाखवा, जात सांगतो. कंपनीचे कांडे मी कधी पाहिलेले नव्हते. “दोन दिवस द्या, तोवर पैसे कोणाला देऊ नका,” एवढेच बोललो. मग एका ओळखीच्या हिशेब तपासनीसाकडे बसून, पुढे स्वतः मोबाईलवर शोधून जे कळले, ते सर्वांच्या उपयोगाचे वाटले म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट, ‘लिमिटेड’ या शब्दाची. लिमिटेड म्हणजे मर्यादित. मर्यादित काय, तर भागधारकाची जबाबदारी. कंपनी बुडाली तर भागधारकाचे शेअरात घातलेले पैसे जातील, त्याच्या शेतावर किंवा घरावर कंपनीच्या कर्जाचा बोजा येणार नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. सरकारने कंपनी चांगली ठरवली असा त्याचा अर्थ नाही, आणि शेअर बाजाराशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. नुसत्या बाहेरच्या रूपावरून मालकी ओळखू येत नाही हे आपल्या वऱ्हाडाला वेगळे सांगायला नको. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आपली शकुंतला आठवा. पिढ्यान् पिढ्या लोक ती सरकारची गाडी समजून बसत. गाडी रेल्वेच चालवी, पण लाईन मात्र इंग्रजांच्या काळातल्या एका कंपनीची, आणि रेल्वे त्या कंपनीला मोबदला देई.

आता कंपन्यांचे प्रकार. कायद्यात ते पुष्कळ आहेत, पण पैसे घालणाऱ्या माणसाने तीन ओळखले तरी काम भागते. पहिला प्रकार प्रायव्हेट लिमिटेड. ही घरची किंवा चार ओळखीच्या माणसांची कंपनी. किमान दोन भागधारक, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नोकरवर्ग सोडून जास्तीत जास्त २००. तिचे शेअर दुसऱ्याला देण्यावर बंधन असते, आणि मुख्य म्हणजे लोकांना ‘या, आमचे शेअर घ्या’ असे जाहीर आवाहन करायला तिला मनाई आहे. मनाई हा शब्द नीट वाचावा. प्रायव्हेट कंपनीचा माणूस गावात पत्रके वाटून शेअर विकत असेल तर कंपनी चांगली की वाईट हा विचार पुढचा. तो माणूस जे करतो आहे तेच मुळात कायद्याबाहेरचे.

दुसरा प्रकार पब्लिक लिमिटेड. हिच्या नावात प्रायव्हेट शब्द नसतो, नुसते लिमिटेड असते. किमान सात भागधारक, तीन संचालक. इथेच काकाजींसारखा माणूस फसतो. पब्लिक म्हटले की आपल्याला वाटते बाजारातली. पण पब्लिक लिमिटेड कंपन्यांपैकी पुष्कळशा कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेल्या नसतात. शेअर बाजारात नोंदलेली, ज्याला लिस्टेड म्हणतात, तो तिसरा प्रकार. मुंबईचा शेअर बाजार १८७५ पासूनचा, दलाल स्ट्रीटवरचा; दुसरा मोठा राष्ट्रीय शेअर बाजार, त्याचे व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाले. या दोन्हींवर सेबी या सरकारी मंडळाची देखरेख असते.

फरक कापसाच्या भाषेत सांगतो. लिस्टेड कंपनीचा शेअर म्हणजे बाजार समितीत आणलेला कापूस. रोज बोली होते, भाव चार लोकांपुढे फुटतो, आज पडला तर पडला, पण घेणारा समोर उभा असतो. मुलीचे लग्न निघाले, विहिरीची मोटर जळाली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पैसे हातात. नोंद नसलेल्या कंपनीचा शेअर म्हणजे खेडा खरेदी. व्यापारी त्याच्या सवडीने येणार, त्याचा काटा, त्याचा भाव. आणि न आला तर माल घरात. शेअरात तर त्याहून वाईट, कारण कापूस निदान दिसतो तरी. नोंद नसलेला शेअर घेणे हा गुन्हा नाही, पुष्कळ जाणती माणसे समजून-उमजून घेतात. पण घेताना विकायचा कोणाला, हे ज्याला सांगता येत नाही त्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक फरक. लिस्टेड कंपनीला दर तीन महिन्यांनी आपला नफा-तोटा जाहीर करावा लागतो, तो कोणालाही पाहता येतो. म्हणून ती बुडतच नाही असे नव्हे. लिस्टेड कंपन्याही बुडाल्या आहेत, काहींचे व्यवहार बाजाराने बंद ठेवले आहेत. पण आजाराची खबर लवकर लागते.

मग ओळखायचे कसे? कपाशीचे बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग आणि लॉट नंबर पाहायला शिकलो आहोत. बोगस बियाण्याने पोळलो तेव्हा शिकलो. तसाच प्रत्येक कंपनीला नोंदणीच्या वेळी एक नंबर मिळतो, त्याला सीआयएन म्हणतात. एकवीस अक्षरे-आकड्यांचा असतो. कंपनीच्या पत्राच्या कागदावर, बिलावर, नोटिशीवर तो छापणे कायद्याने सक्तीचे आहे. ज्या कागदावर हा नंबरच नाही तो कागद हातात देणाऱ्याला पहिला प्रश्न तिथेच विचारावा.

हा नंबर कसा वाचायचा ते एका खऱ्या उदाहरणाने सांगतो. उदाहरण मुद्दाम आपल्या शेजारच्या खानदेशातले घेतो. जळगाव जिल्ह्यात अमळनेर आहे. तिथे १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड नावाची कंपनी निघाली, वनस्पती तुपाची. महंमद हाशम प्रेमजी यांनी ती काढली. १९४६ साली तिने लोकांना शेअर विकले. पुढे १९६६ मध्ये वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून आले, कंपनी साबणात गेली, मग संगणकात गेली, नाव आखडून विप्रो झाले. अमळनेरच्या कित्येक घरांत वाडवडिलांपासूनचे हे शेअर राहिले आणि त्यांचे काय झाले हे सगळा देश जाणतो.

त्या विप्रोचा नंबर असा आहे : एल ३२१०२ केए १९४५ पीएलसी ०२०८००. (प्रत्यक्षात तो इंग्रजी अक्षरांत आणि सलग लिहिलेला असतो.) पहिले अक्षर सर्वांत महत्त्वाचे. ते एल असेल, म्हणजे उभी काठी आणि पायाशी उजवीकडे आडवी, तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. यू असेल, घोड्याच्या नालासारखे, वर तोंड उघडे, तर नोंदलेली नाही. इंग्रजी वाचता येत नसले तरी एवढी दोन अक्षरे ओळखता येतात. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात, ते सोडून द्यावे. मग दोन अक्षरे राज्याची. महाराष्ट्राची एमएच, पुण्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या पुष्कळ कंपन्यांच्या नंबरात पीएन असते. विप्रोची अक्षरे केए, म्हणजे कर्नाटक, कारण कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय पुढे बंगलोरला गेले. जन्म अमळनेरचा असला तरी नंबर हल्लीचा पत्ता सांगतो. मग चार आकडे स्थापनेच्या सालाचे, इथे १९४५. ‘पंचवीस वर्षांची जुनी कंपनी आहे’ म्हणणाऱ्याच्या कागदावर इथे २०२२ निघाले तर काय समजायचे ते समजावे. त्यानंतर तीन अक्षरे : पीएलसी म्हणजे पब्लिक, पीटीसी म्हणजे प्रायव्हेट. शेवटचे सहा आकडे नोंदणीचे.

उसातलेच उदाहरण हवे असेल तर बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्दची उगार शुगर वर्क्स पाहा. १९३९ सालची कंपनी, शेअर बाजारात नोंदलेली. तिच्याही नंबरात पहिले अक्षर एल, मध्ये १९३९ आणि पीएलसी. साखर कारखाना म्हणजे एक तर सहकारी नाहीतर कोणाच्या तरी घरचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही.

नंबर कागदावर खोटाही छापता येतो, म्हणून तो ताडून पाहावा. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाईटवर ‘मास्टर डेटा’ नावाचे पान आहे. नंबर किंवा नाव टाकले की कंपनीचे नाव, प्रायव्हेट की पब्लिक, लिस्टेड की नाही, स्थापनेची तारीख, पत्ता, संचालक, भरणा झालेले भांडवल, शेवटचा ताळेबंद कोणत्या सालचा आणि कंपनी चालू आहे की नोंदवहीतून काढून टाकली आहे, हे सगळे दिसते. फी लागत नाही. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितले तरी तो दहा मिनिटांत काढून देतो. वेबसाईट दमवते, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

लिस्टेड म्हणून सांगितले असेल तर मुंबई शेअर बाजाराच्या वेबसाईटवर नाव टाकून पाहावे. तिथे प्रत्येक कंपनीला सहा आकडी नंबर असतो. विप्रोचा ५०७६८५ आहे. नाव अक्षरन् अक्षर पाहावे, कारण मोठ्या कंपनीच्या नावात ‘अ‍ॅग्रो’ किंवा ‘ग्रीन’ घुसडून दुसरीच कंपनी उभी करणारे लोक आहेत.

आता ‘लवकरच बाजारात येणार’ याबद्दल. अमळनेरची गोष्ट एजंट लोकांनी फार वापरली आहे. “तेव्हा घेतले ते करोडपती झाले, तुम्ही आता घ्या.” पण हे सांगताना ते एक गोष्ट गाळतात. १९४६ साली त्या कंपनीने शेअर उघडपणे, जाहीर विक्री करून विकले होते. मामेसासऱ्याच्या पिशवीतून विकले नव्हते. आजही कंपनी बाजारात यायची तर तिला माहितीपत्रक सेबीकडे दाखल करावे लागते, आणि ते सेबीच्या वेबसाईटवर कोणालाही वाचता येते. अर्ज बँकेमार्फत किंवा मोबाईलवरून करायचा असतो, आणि शेअर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवलेले असतात, कोणाच्या हातात जात नाहीत. शेअर मिळाले नाहीत तर अडकवलेले पैसे मोकळे. म्हणून ‘बाजारात येण्यापूर्वीचा शेअर’ म्हणून कोणी रोख मागितली, किंवा स्वतःच्या फोनवर पैसे पाठवा म्हटले, तर पुढे काही तपासण्याची गरज नाही.

काही जण म्हणतात, आम्ही जाहीर विक्री करत नाही, फक्त ओळखीच्या माणसांना देतो. त्यालाही कायदा आहे. असे खाजगी वाटप वर्षात २०० माणसांच्या वर करता येत नाही, प्रत्येकाच्या नावाने ऑफरचे पत्र लागते, पैसे त्या माणसाच्याच बँक खात्यातून गेले पाहिजेत, रोख चालत नाही. पैसे घेतल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. हा मुद्दा देशात फार मोठ्या प्रमाणावर गाजला तो सहाराच्या खटल्यात. सहाराच्या दोन कंपन्यांनी गावोगावच्या लोकांकडून रोख्यांवर सुमारे २४ हजार कोटी रुपये जमवले आणि हे आमच्या संबंधातल्या लोकांना केलेले खाजगी वाटप आहे असे सांगितले. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ५० किंवा जास्त लोकांना देऊ केले की ती जाहीर विक्रीच झाली, आणि जाहीर विक्री केली की बाजारात नोंद बंधनकारक. पैसे १५ टक्के व्याजाने परत करण्याचा हुकूम झाला. हुकूम झाला म्हणून शेतकऱ्याच्या हातात लगेच पैसे पडले असे झाले नाही. ते अनुभव आपल्या तालुक्यातल्या लोकांना विचारावेत.

त्याहून जवळचे उदाहरण पर्ल्सचे, म्हणजे पीएसीएल लिमिटेड. शेतजमीन देतो म्हणून हप्ते घेत. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतही तिचे एजंट होते, आणि ते परके नव्हते; कोणी मास्तर, कोणी विमा विकणारा, कोणी साळा. नावात लिमिटेड होते, प्रायव्हेट नव्हते, पण कंपनी शेअर बाजारात नव्हती. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने तिला लोकांचे ४९ हजार १०० कोटी रुपये परत करण्यास फर्मावले. गुंतलेली माणसे पाच कोटींच्या वर. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी. ज्यांनी मूळ पावत्या जपून ठेवल्या होत्या त्यांना निदान अर्ज तरी करता आला. पावत्या एजंटाकडे जमा करून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

हे मी कोरडेपणाने लिहीत नाही. १९९० नंतरच्या दशकात साग लागवडीच्या कंपन्यांचे तणासारखे पीक आले होते. माझ्या वडिलांनी त्या वेळी कपाशीच्या पैशातून पाच हजार रुपये अशा एका कंपनीत घातले. वीस वर्षांनी सागाचे लाख होणार होते. सर्टिफिकेटवर सागाच्या पानाचे सुंदर चित्र होते. आईने ते देवघरात ठेवले होते. १९९९ मध्ये सेबीने असल्या सामूहिक योजनांसाठी कडक नियम केले, तोवर आमच्या कंपनीला पाठवलेले पत्र ‘पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आले होते. त्या काळी मोबाईल नव्हता, नंबर ताडून पाहायची सोय नव्हती. आता आहे.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्या गावांतला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या. आपल्यापैकी कित्येक जण त्यांचे भागधारक आहेत. २००३ पासून कायद्यात त्यांची सोय आहे. त्यांच्या नावात ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असते, प्रायव्हेट शब्द नसतो. पण नंबर पाहाल तर यू आणि पीटीसी. कायदा त्यांना प्रायव्हेटसारखेच धरतो, फक्त सभासद २०० च्या वर चालतात. त्यांचा शेअर बाजारात येऊच शकत नाही. तो उत्पादकालाच, संचालक मंडळाच्या संमतीने, मूळ किमतीलाच देता येतो. अशा कंपनीत भागधारक जरूर व्हावे, पण ते बियाणे, खत, माल विक्री यांसाठी. ‘आपल्या उत्पादक कंपनीचा शेअर दहापट होणार’ असे कोणी सांगत असेल तर त्याने स्वतःचाच कायदा वाचलेला नाही.

आणि शेवटी आपला स्वतःचा शेअर. मागे एका सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदाने विचारले होते, आपल्या कारखान्याचा शेअर बाजारात का नाही? लोक हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपला कारखाना कंपनी नाहीच. तो महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० खाली नोंदलेली संस्था आहे, त्याला सीआयएन नंबर नसतो. शेअर एक असो की दहा, मत एकच. किंमत दर्शनीच राहते, वाढत नाही. डिव्हिडंडलाही १५ टक्क्यांची मर्यादा आहे. आपण हा शेअर नफ्यासाठी घेतलेला नाही, ऊस गाळपाला जावा म्हणून घेतला आहे.

यातून आणखी एक गैरसमज निघतो, आणि तो आपल्या विदर्भात फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे कित्येक सहकारी कारखाने बंद पडले, काही बँकेच्या वसुलीत खाजगी कंपन्यांनी विकत घेतले. तिथले जुने सभासद विचारतात, आता आमचा शेअर त्या कंपनीत जमा झाला काय? नाही झाला. कंपनीने जमीन, इमारती, यंत्रे विकत घेतली; सभासद विकत घेतले नाहीत. शेअर जुन्या संस्थेतच राहतो. संस्था अवसायनात असेल तर आधी देणेकऱ्यांचे पैसे भागतात, उरले तरच सभासदाचा नंबर. म्हणून ‘तुमच्या जुन्या शेअरच्या बदल्यात नव्या कंपनीचा शेअर देतो, फक्त फरकाची रक्कम भरा’ असे कोणी म्हणाले तर लेखी मागावे, आणि तो कागद घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे. उसाचे पैसे हा मात्र वेगळा विषय आहे. कारखाना सहकारी असो की खाजगी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. तिथे शेअर असण्या-नसण्याचा संबंध नाही.

तर काकाजींचा कागद. नंबर बारीक अक्षरांत, मागच्या बाजूला, घडीत छापलेला होता. पहिले अक्षर यू. साल मागच्याच वर्षाचे. शेवटी पीटीसी. म्हणजे प्रायव्हेट, बाजाराबाहेरची, आणि नाव लिहिताना पत्रकावर प्रायव्हेट शब्द सोयीने गाळलेला. वेबसाईटवर कंपनी सापडली, खोटी नव्हती. भरणा भांडवल एक लाख रुपये. चित्रातली चिमणी तेवढ्यात रंगवूनही झाली नसती. इथेनॉलचा कारखाना उभारायला जमीन, पाणी, प्रदूषण मंडळाची संमती, बँकेचे कर्ज काय काय लागते ते आपण सर्व जण जाणतो.

मी काकाजींना सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे दोन लाख नाई द्याचे. पन सायेब, दहा हजार तं टोकन म्हनून देल्ले म्या, बुधवारीच.”

“पावती?”

“घरचाच मानूस, पावती काय मांगता.”

मुलाला सोबत घेऊन ते तीन वेळा गेले. सहा हजार परत मिळाले आहेत. चार हजार पोळ्यानंतर देतो म्हटले आहे. त्या मामेसासऱ्यालाही मी फारसा दोष देत नाही; त्याने स्वतःचे दीड लाख तिथे घातले आहेत, आणि पाच माणसे आणली तर त्याचे पैसे आधी परत करू असे त्याला सांगितले गेले आहे. त्याच्यासाठी आम्ही सेबीच्या तक्रारीच्या वेबसाईटवर, जिला स्कोअर्स म्हणतात, अर्ज टाकायला बसलो. तेव्हा कळले की तिथे मुख्यतः लिस्टेड कंपन्या आणि सेबीकडे नोंदलेले दलाल वगैरे यांच्याविरुद्धच्या तक्रारी घेतात. बाजाराबाहेरची कंपनी असेल तर दाद मागायची वाटही अशी लांबची होते. मग कंपनी निबंधकाकडे तक्रार केली, रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या वेबसाईटवर माहिती दिली, आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज द्यायला सांगितले. ठेवी बुडविणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे आणि केंद्राचा २०१९ चा. त्याखाली हे प्रकरण बसते की नाही ते ते पाहतील. नुसती चौकशी करायची असेल तर सेबीचा मोफत फोन आहे : १८०० २२ ७५७५. मराठीतही बोलतात.

कोणाकडे असा कागद आला असेल तर गट ऑफिसात घेऊन यावा. नंबर ताडून देईन. कंपनी चांगली की वाईट ते सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. तोडणी सुरू झाल्यावर सकाळी दहानंतर मी शेतांवर असतो, म्हणून त्याआधी यावे. कागद पूर्ण आणावा, मागची बाजूसुद्धा, आणि टोकन देण्यापूर्वी आणावा.